स्वयंचलित सॉफ्टवेअर बांधणी व उपयोजन प्रक्रियेतील गुपितांचे व्यवस्थापन : खोडद येथील जीएमआरटी व एसकेए प्रकल्पाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश :

संगणकीय आज्ञावली लिहून झाल्यानंतर तिची बांधणी करणे, चाचण्या घेणे व ती प्रत्यक्ष सर्व्हरवर बसविणे ही कामे आज बहुतांशी स्वयंचलित प्रक्रियेद्वारे होतात. ही कामे माणसाच्या अनुपस्थितीत पार पडावयाची असल्याने त्या प्रक्रियेच्या हाती परवलीचे शब्द, टोकन, प्रमाणपत्रे व सांकेतिक किल्ल्या सोपवाव्या लागतात. ही गुपिते कोठे ठेवावीत, कोणाला व किती काळासाठी द्यावीत आणि ती फुटल्यास प्रथम काय करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बीण व तिच्याशी संबंधित संस्थेचा आंतरराष्ट्रीय एसकेए प्रकल्पातील सहभाग यांचा संदर्भ घेऊन, आज्ञावली खुली आणि गुपिते बंद ही मांडणी व्यवहारात कशी साधते हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न येथे आहे.

बीजसंज्ञा : गुपितांचे व्यवस्थापन, स्वयंचलित पाइपलाइन, गिट, व्हॉल्ट, अल्पजीवी टोकन, जीएमआरटी, एसकेए.

१. प्रस्तावना

नारायणगावहून खोडदकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले की द्राक्षबागा व टोमॅटोच्या शेतांपलीकडे प्रचंड आकाराच्या जाळीदार अँटेना दिसू लागतात. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील विद्यार्थ्यांना हे दृश्य परिचयाचे आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे भरणाऱ्या प्रदर्शनास परिसरातील शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली ही महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, ३० अँटेनांची मिळून बनलेली आहे. प्रत्येक अँटेनाचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकी १४ अँटेना मध्यवर्ती भागात सुमारे एक चौरस किलोमीटर क्षेत्रात असून उर्वरित १६ अँटेना इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकारात तीन दिशांना पसरलेल्या आहेत. २००२ पासून ही दुर्बीण जगभरातील खगोलशास्त्रज्ञांच्या उपयोगासाठी खुली आहे.

तीस ठिकाणी विखुरलेल्या अँटेना एकाच वेळी एकाच दिशेस वळविणे, त्यांचे संदेश प्रकाशतंतूंद्वारे एकत्र आणणे आणि प्रत्येक भागाच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे हे काम आज्ञावलीशिवाय शक्य नाही. या कामातून आलेल्या अनुभवामुळेच 'स्क्वेअर किलोमीटर ॲरे' म्हणजे एसकेए या जागतिक प्रकल्पात 'टेलिस्कोप मॅनेजर' या नियंत्रणप्रणालीच्या आराखड्यासाठी स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या या केंद्राकडे आले. त्या आराखड्याचा टप्पा २०१८ मध्ये पूर्ण झाला. भारताच्या सहभागासाठी मंजूर झालेल्या १,२५० कोटी रुपयांची वार्ता जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. दक्षिण आफ्रिकेत १९७ अँटेना व पश्चिम ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ लहान अँटेना असे या दुर्बिणीचे नियोजित स्वरूप असून तिच्या नियंत्रणाच्या आज्ञावलीचा महत्त्वाचा भाग पुण्यात लिहिला जात आहे.

या प्रकल्पाची एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. एसकेएची आज्ञावली मुख्यतः गिटलॅब या व्यासपीठावर सार्वजनिक स्वरूपात, खुल्या परवान्याखाली विकसित केली जाते. कोणीही ती वाचू शकतो. मग प्रश्न असा उपस्थित होतो की, जी आज्ञावली सर्वांसमोर उघडी आहे तिच्या साहाय्याने चालणारी यंत्रणा सुरक्षित कशी राहते ? या प्रश्नाचे उत्तर गुपितांच्या व्यवस्थापनात आहे.

२. उद्दिष्टे

१) स्वयंचलित बांधणी व उपयोजन प्रक्रियेचे स्वरूप इतर विद्याशाखांतील वाचकांसही समजेल अशा रीतीने स्पष्ट करणे.
२) या प्रक्रियेतून गुपिते कोणकोणत्या वाटांनी फुटतात याचा घडलेल्या घटनांच्या आधारे आढावा घेणे.
३) गुपितांच्या व्यवस्थापनाची तत्त्वे मांडणे व ग्रामीण महाविद्यालयांतील अध्यापनासाठी त्यांचा उपयोग सुचविणे.

३. स्वयंचलित पाइपलाइन : संकल्पना

पूर्वी आज्ञावलीत बदल झाला की एखादा अनुभवी कर्मचारी स्वतः सर्व्हरवर प्रवेश करून नवी प्रत बसवीत असे. परवलीचा शब्द त्याच्या डोक्यात किंवा वहीत असे. आज प्रोग्रामर आपला बदल गिटच्या साठ्यात म्हणजे रिपॉझिटरीत नोंदवितो आणि त्या नोंदीसरशी एक ठरावीक साखळी सुरू होते. प्रथम मूळ आज्ञावली उतरवून घेतली जाते. नंतर तिच्यासाठी लागणारे इतरांनी लिहिलेले घटक आणले जातात, चाचण्या होतात, तयार झालेली वस्तू एका मध्यवर्ती साठ्यात ठेवली जाते आणि अखेरीस ती सर्व्हरवर बसविली जाते. या साखळीस पाइपलाइन असे म्हणतात.

या प्रत्येक टप्प्यावर कोणते ना कोणते दार उघडावे लागते. खासगी घटक आणण्यासाठी टोकन, चाचणीसाठी माहितीसाठ्याचा परवलीचा शब्द, तयार वस्तूवर सही करण्यासाठी सांकेतिक किल्ली व सर्व्हरवर बसविण्यासाठी प्रवेशाचा अधिकार लागतो. थोडक्यात, पाइपलाइन ही घरातील सर्व खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा बाळगणाऱ्या कारभाऱ्यासारखी असते. त्या कारभाऱ्याला स्वतःची विवेकबुद्धी नसते. सांगितलेली प्रत्येक आज्ञा तो निमूटपणे पाळतो, मग ती आज्ञा मालकाने दिलेली असो वा चोराने. म्हणूनच हल्लेखोरांचे लक्ष अलीकडे प्रत्यक्ष सर्व्हरऐवजी पाइपलाइनकडे वळलेले दिसते.

१८८३ मध्ये ऑग्यूस्त केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने लष्करी सांकेतिक लेखनाविषयी एक तत्त्व मांडले. यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये आणि गुप्तता केवळ किल्लीच्या ठायी असावी, असा त्या तत्त्वाचा आशय आहे. खुल्या आज्ञावलीचे प्रकल्प याच तत्त्वावर उभे आहेत. परंतु त्यासाठी आज्ञावली व किल्ली यांची ताटातूट काटेकोरपणे करावी लागते. ही ताटातूट झाली नाही तर खुलेपणा हेच संकट ठरते.

४. गुपिते फुटण्याच्या वाटा

४.१ आज्ञावलीतच लिहिलेली गुपिते

सर्वांत जुनी व सर्वांत प्रचलित चूक हीच आहे. चाचणीपुरता म्हणून परवलीचा शब्द आज्ञावलीत लिहिला जातो व तो तेथेच राहतो. टोयोटा कंपनीच्या 'टी-कनेक्ट' सेवेच्या आज्ञावलीचा काही भाग डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर सार्वजनिक राहिला होता. त्यात माहितीसाठ्याची प्रवेशकिल्ली होती. त्यामुळे २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते उघड होण्याचा संभव निर्माण झाला, असे कंपनीने जाहीर केले. साठा खासगी असला म्हणजे धोका टळतो असेही नाही. २०१६ मध्ये हल्लेखोरांनी उबर कंपनीच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब साठ्यात प्रवेश मिळविला, तेथे क्लाउड सेवेची किल्ली त्यांना सापडली आणि तिच्या आधारे सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती त्यांच्या हाती लागली.

येथे गिटचा एक गुणधर्म ध्यानात घेणे आवश्यक आहे. गिट प्रत्येक बदलाचा इतिहास जपून ठेवते. आज लिहिलेला परवलीचा शब्द उद्या पुसला तरी कालच्या नोंदीत तो जसाच्या तसा असतो. फळ्यावरचे अक्षर डस्टरने पुसता येते, पण दस्तऐवजाच्या जुन्या प्रती ज्यांच्याकडे गेल्या त्यांच्याकडे त्या राहतातच. असाच हा प्रकार होय.

४.२ बांधणीच्या नोंदवहीतून होणारी गळती

पाइपलाइन आपण केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद करते. या नोंदवहीत गुपित छापले गेले तर ते वाचण्यास कोणतेही कौशल्य लागत नाही. मार्च २०२५ मध्ये 'टीजे-ॲक्शन्स' यांचा 'चेंज्ड-फाइल्स' हा २३,००० हून अधिक साठ्यांत वापरला जाणारा घटक हल्लेखोरांनी बदलला. बदललेला घटक पाइपलाइनच्या स्मृतीतील गुपिते काढून नोंदवहीत छापीत असे. ज्यांच्या नोंदवह्या सार्वजनिक होत्या त्यांची गुपिते त्यामुळे उघडी पडली. हल्लेखोरांनी घटकाच्या जुन्या आवृत्त्यांची नावेही नव्या, दूषित आज्ञावलीकडे वळविली होती. त्यामुळे घटकाचा निर्देश केवळ आवृत्तीच्या नावाने करणारे फसले. याउलट ज्यांनी तो संपूर्ण हॅश क्रमांकाने केला होता ते बव्हंशी वाचले.

गिटलॅब व गिटहब ही व्यासपीठे नोंदवहीतील गुपितांवर चांदण्यांचा पडदा टाकतात. तथापि हा पडदा गुपित नेमके त्याच स्वरूपात आले तरच उपयोगी पडतो. गुपिताची अक्षरे उलटी करून किंवा अन्य लिपिसंकेतात बदलून छापल्यास ते ओळखले जात नाही. म्हणून हा उपाय अनवधानाने होणाऱ्या चुकांपासून वाचवितो, हेतुपुरस्सर चोरीपासून वाचवीत नाही.

४.३ साधने पुरविणाऱ्यांकडून होणारी गळती

२०२१ मधील कोडकव्ह प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. आज्ञावलीच्या चाचण्यांचे मोजमाप करणाऱ्या या सेवेच्या डॉकर प्रतिमेच्या निर्मितीत एक त्रुटी होती. तिच्यामुळे हल्लेखोरांच्या हाती एक गुपित लागले आणि त्याच्या आधारे त्यांनी सेवेची लिपी बदलली. ३१ जानेवारी २०२१ पासून ही बदललेली लिपी ग्राहकांच्या पाइपलाइनमधील गुपिते परस्पर बाहेर पाठवीत होती. १ एप्रिल रोजी एका ग्राहकाने उतरविलेल्या लिपीचा हॅश प्रसिद्ध केलेल्या हॅशशी ताडून पाहिला व तो जुळला नाही म्हणून कंपनीस कळविले. तेव्हा हा प्रकार उजेडात आला. एका ग्राहकाच्या पडताळणीच्या साध्या सवयीने जे साधले ते दोन महिने अन्य कोणासही साधले नव्हते.

सर्कलसीआय या पाइपलाइन सेवेच्या एका अभियंत्याच्या लॅपटॉपमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये घातक आज्ञावली शिरली व त्याचे प्रवेशसत्र चोरीस गेले. ४ जानेवारी २०२३ रोजी कंपनीने आपल्या ग्राहकांना साठविलेली सर्व गुपिते बदलण्याची सूचना केली. ज्या संस्थांकडे आपली कोणती गुपिते कोठे आहेत याची यादीच नव्हती, त्यांना या सूचनेचे पालन करणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येईल.

४.४ कूटबद्ध भासणारी पण उघडी गुपिते

कुबरनेटिस या प्रणालीत 'सिक्रेट' नावाची स्वतंत्र सोय आहे. तिच्यात ठेवलेली अक्षरे अगम्य दिसतात म्हणून ती सुरक्षित आहेत असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. वस्तुतः ती बेस-६४ या संकेतात लिहिलेली असतात व कोणीही ती क्षणात मूळ रूपात आणू शकतो. माहितीसाठ्यात ती कूटबद्ध ठेवावयाची असल्यास तशी स्वतंत्र व्यवस्था करावी लागते. लिपी बदलणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. मोडी येत नसलेल्याला मोडीतील कागद वाचता येत नाही, म्हणून तो कागद गुप्त ठरत नाही.

५. वेधशाळांच्या दृष्टीने धोक्याचे गांभीर्य

दुर्बिणीच्या संगणकावर कोण कशाला हल्ला करील, असे कोणी म्हणेल. अलीकडील घटना याचे उत्तर देतात. चिलीमधील 'अल्मा' या रेडिओ वेधशाळेच्या संगणकप्रणालीवर २९ ऑक्टोबर २०२२ रोजी हल्ला झाला व निरीक्षणे थांबवावी लागली. ती १६ डिसेंबर २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या 'नॉयरलॅब' या संस्थेच्या प्रणालीत झालेल्या घुसखोरीमुळे हवाई बेटांवरील जेमिनी नॉर्थसह काही दुर्बिणींचे काम थांबविण्यात आले.

दुर्बिणीचा निरीक्षणकाळ हे फार मौल्यवान साधन असते. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला महिनोन्महिने वाट पाहून काही तास मिळतात. आकाशातील क्षणिक घटना तर पुन्हा पाहता येत नाही. शिवाय येथे आज्ञावलीची आज्ञा कागदावर राहत नाही, तिच्यामुळे ४५ मीटर व्यासाची अवजड रचना प्रत्यक्ष हलते. अशा प्रणालीत कोणाची आज्ञा खरी व कोणाची खोटी हे ठरविणारी किल्ली किती जपली पाहिजे, हे वेगळे सांगावयास नको.

६. व्यवस्थापनाची तत्त्वे

६.१ विभक्तता

गुपिते आज्ञावलीबाहेर, त्यांच्यासाठीच असलेल्या स्वतंत्र तिजोरीत ठेवावीत. लहान प्रकल्पासाठी गिटलॅब किंवा गिटहबमधील संरक्षित चलांची सोय पुरेशी असते. मोठ्या प्रकल्पात 'व्हॉल्ट'सारखी प्रणाली वापरतात. व्हॉल्ट प्रथम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एसकेए प्रकल्पातही आज्ञावली सार्वजनिक साठ्यात व गुपिते व्हॉल्टमध्ये अशी विभागणी अवलंबिली आहे. आज्ञावलीत केवळ गुपित कोठे आहे याचा निर्देश असतो, गुपित नसते.

६.२ एकाच्या हाती सर्व सत्ता नसणे

तिजोरीची मुख्य किल्ली कोणाकडे असावी ? आदी शामीर यांनी १९७९ मध्ये एका गुपिताचे अनेक तुकडे करण्याची गणिती पद्धत प्रसिद्ध केली. ठरावीक संख्येइतके तुकडे एकत्र आले तरच मूळ गुपित मिळते आणि त्याहून कमी तुकड्यांतून काहीही कळत नाही. व्हॉल्टमध्ये सामान्यतः पाच तुकडे करतात व त्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आल्यावर तिजोरी उघडते. एक जण रजेवर गेला तरी काम अडत नाही आणि एक जण फितूर झाला तरी तिजोरी उघडत नाही.

हा विचार आपल्या परिसराला नवा नाही. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे सारख्या प्रतीचे अधिकारी नेमले जात, असे सभासदाच्या बखरीवरून दिसते. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये हा त्यामागील हेतू होता. जुन्नरच्या शिवनेरीवर सात दरवाजे ओलांडून जावे लागते आणि त्यांपैकी एकाचे नावच परवानगीचा दरवाजा असे आहे. एक दरवाजा पडला तरी पुढचा उभा असावा, ही तटबंदीची रीत संगणकीय सुरक्षेतही तितकीच खरी आहे.

६.३ किमान अधिकार

चाचणी घेणाऱ्या टप्प्याला प्रत्यक्ष सर्व्हरची किल्ली देण्याचे कारण नाही. प्रत्येक टप्प्यास त्याच्या कामापुरतीच किल्ली मिळावी. गिटलॅबमधील 'संरक्षित' असे चिन्हांकित केलेले चल केवळ संरक्षित शाखांवर चालणाऱ्या पाइपलाइनला मिळते. त्यामुळे कोणीही नवी शाखा काढून ते मिळवू शकत नाही. सार्वजनिक प्रकल्पांत बाहेरच्या व्यक्ती बदल सुचवितात, तेथे हे विशेष महत्त्वाचे ठरते. गिटहबवर बाहेरच्या प्रतीतून आलेल्या बदलाची नेहमीची पाइपलाइन गुपितांविना चालते. परंतु 'पुल रिक्वेस्ट टार्गेट' या वेगळ्या प्रकारच्या पाइपलाइनला गुपिते मिळतात. तो प्रकार न समजता वापरून बाहेरच्याची आज्ञावली त्यात चालविल्यास किल्ल्या परक्याच्या हाती जातात.

६.४ अल्पजीवी गुपिते

वरील सर्व उपाय योजूनही एक कूटप्रश्न उरतो. तिजोरीतून गुपित मिळविण्यासाठी पाइपलाइनला एक किल्ली द्यावीच लागते. मग ती किल्ली कोठे ठेवावयाची ? ती दुसऱ्या तिजोरीत ठेवली तर त्या दुसऱ्या तिजोरीची किल्ली कोठे ? ही अनवस्था टाळण्यासाठी गुपिताऐवजी ओळखीचा आधार घेतला जातो. पाइपलाइन सुरू होताच तिचे व्यासपीठ एक सहीचे ओळखपत्र देते. त्यात साठा कोणता, शाखा कोणती व कार्य कोणते ही माहिती असते. तिजोरी किंवा क्लाउड सेवा ती सही सार्वजनिक किल्लीने पडताळते, अटी तपासते आणि काही मिनिटांपुरते वा तासाभरापुरते टोकन देते. काम संपले की टोकन निरुपयोगी होते. गिटहबने ही सोय २०२१ मध्ये उपलब्ध केली आणि गिटलॅबमध्येही ती आहे.

या पद्धतीत कायमस्वरूपी साठविलेले असे काहीच नसल्याने चोरण्यासारखे फार थोडे उरते. तथापि अटी ढिल्या ठेवल्या तर तिचा उपयोग होत नाही. 'या व्यासपीठावरील कोणतीही पाइपलाइन' अशी अट लिहिल्यास जगातील कोणासही टोकन मिळू शकेल. साठा व शाखा यांचा नेमका उल्लेख अटीत असलाच पाहिजे.

६.५ नोंद व बदल

कोणते गुपित कोणी, केव्हा व कशासाठी घेतले याची नोंद तिजोरीने ठेवावी. ज्यांना अल्पजीवी करता येत नाही अशी गुपिते ठरावीक काळाने बदलावीत. बदलण्याचा सराव शांततेच्या काळातच करावा. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

७. गुपित फुटल्यास

येथे क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक विद्यार्थी, व काही वेळा अनुभवी कर्मचारीही, प्रथम गिटचा इतिहास पुसण्याच्या मागे लागतात. त्यात वेळ जातो आणि तोवर किल्ली चालूच असते. सार्वजनिक साठ्यांवर स्वयंचलित शोधकांची सतत नजर असते व फुटलेली किल्ली काही मिनिटांत वापरली जाऊ शकते. म्हणून प्रथम ते गुपित रद्द करावे. नंतर नवे गुपित द्यावे, जुन्याचा गैरवापर झाला का हे नोंदींवरून तपासावे आणि शेवटी इतिहास स्वच्छ करावा. रद्द झालेली किल्ली इतिहासात राहिली तरी ती मोडक्या कुलपाच्या चावीसारखी असते.

गिटगार्डियन या कंपनीच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२४ या एका वर्षात गिटहबवरील सार्वजनिक साठ्यांत सुमारे २ कोटी ३८ लाख नवी गुपिते आढळली. त्याच अहवालानुसार २०२२ मध्ये फुटलेल्या गुपितांपैकी सुमारे ७० टक्के गुपिते अद्याप चालू होती. गुपित फुटणे ही चूक आहे, परंतु फुटल्याचे दिसूनही ते रद्द न करणे हा त्याहून मोठा दोष होय.

८. अध्यापनातील एक अनुभव

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील तीन विद्यार्थ्यांनी शेतमालाचे दैनंदिन बाजारभाव शेतकऱ्यांना संदेशाद्वारे कळविणारा प्रकल्प तयार केला होता. कल्पना चांगली होती व कामही नेटके झाले होते. नोकरीच्या मुलाखतीत दाखविता यावे म्हणून त्यांनी तो सार्वजनिक साठ्यात ठेवला. संदेशसेवेची किल्ली त्याच आज्ञावलीत होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी भरलेली संदेशांची आगाऊ रक्कम दुसऱ्या दिवशी सकाळी संपलेली आढळली. रक्कम फार मोठी नव्हती, परंतु टोमॅटोचे भाव पडलेल्या त्या हंगामात ती लहानही नव्हती.

त्या विद्यार्थ्यांना मी दोष देऊ शकलो नाही. तीन वर्षांत आम्ही त्यांना आज्ञावली लिहावयास शिकविले होते. किल्ली कोठे ठेवावी हे एकाही तासाला शिकविले नव्हते आणि प्रात्यक्षिकाच्या आमच्याच नमुना आज्ञावलीत परवलीचा शब्द उघडा लिहिलेला होता. विद्यार्थी जे पाहतात तेच करतात. हेच विद्यार्थी पुढे पुणे, हिंजवडी वा बंगळूर येथील कंपन्यांत जातात आणि त्यांच्या हाती बँकांच्या, रुग्णालयांच्या, कदाचित दुर्बिणींच्याही पाइपलाइन येतात. त्या प्रसंगानंतर गुपितांचा विषय प्रथम वर्षाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकात घेण्यास आम्ही सुरुवात केली.

९. कायदेशीर बाजू

सर्ट-इन या शासकीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार विनिर्दिष्ट सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे व प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहितीच्या रक्षणासाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परवलीचा शब्द आज्ञावलीत उघडा लिहिणे हा वाजवी उपाय होता, असे म्हणणे कोणत्याही संस्थेस कठीण जाईल.

१०. निष्कर्ष व शिफारशी

१) आज्ञावली खुली असणे हा धोका नाही. आज्ञावली व गुपिते एकत्र नांदणे हा धोका आहे. खोडदच्या परंपरेतून पुढे आलेल्या एसकेएच्या खुल्या आज्ञावलीवरून हे स्पष्ट होते.
२) गुपित जितका अधिक काळ जगते तितक्या अधिक हातांतून जाते. म्हणून शक्य तेथे ओळखीवर आधारित अल्पजीवी टोकन वापरावे.
३) बाहेरून घेतलेले घटक हॅश क्रमांकाने निश्चित करावेत व उतरविलेल्या लिप्यांची पडताळणी करावी.
४) प्रत्येक महाविद्यालयीन प्रकल्पाच्या साठ्यात गुपितांचा शोध घेणारे 'गिटलीक्स' किंवा 'ट्रफलहॉग' यांसारखे मुक्त साधन प्रथम दिवसापासून बसवावे. गिटहबने फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक साठ्यांसाठी गुपित असलेली नोंद अडविण्याची सोय आपोआप लागू केली आहे, ती बंद करू नये.
५) प्रकल्पाच्या मूल्यमापनात गुपितांच्या हाताळणीस स्वतंत्र गुण असावेत.
६) प्रत्येक गटाकडून सत्रात एकदा गुपित बदलण्याचा सराव करून घ्यावा व त्यास लागलेला वेळ नोंदवावा.

यांपैकी कोणत्याही शिफारशीसाठी विशेष निधी लागत नाही. प्रयोगशाळेतील जुने संगणक व इंटरनेटची साधी जोडणी एवढ्यावर हे सर्व शिकविता येते. जुन्नर-आंबेगावसारख्या तालुक्यांतील महाविद्यालयांना साधनांची चणचण नेहमीच असते, परंतु ही सवय लावण्याच्या आड ती येत नाही. खोडदच्या अँटेना पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याने उद्या अशाच एखाद्या यंत्रणेची आज्ञावली लिहावी ही आपली अपेक्षा असेल, तर तिच्या किल्ल्या सांभाळण्याचे शिक्षणही त्याला येथेच मिळावयास हवे.